दातात धरलेलं लाटणं

मला चाचांनी वाचवलं, हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. काय झालं, कसं झालं, ते पुढे येईलच. पण ते सांगताना माझा नेहमी घोटाळा होतो, आणि त्या घोटाळ्यात मूळ माणूसच राहून जातो. म्हणून आधी चाचा. सगळी कंपनी त्यांना चाचाच म्हणायची. खरं नाव पगाराच्या कागदावर असणार, पण तो कागद इंग्रजीत, आणि माझी शाळा सातवीत सुटलेली.

शारजामध्ये एसी दुरुस्तीची आमची छोटी कंपनी होती. नव्वदीतली गोष्ट. तेव्हा सगळीकडे खिडकीतलेच एसी. मी घाटावरचा गवंडी. एजंटला मी सरळ सांगितलं होतं की बाबा, मला यातलं काही येत नाही. तो म्हणाला, "भिंतीला भोक पाडता येतं ना? मग झालं." आणि व्हिसावर लिहून आणलं, एसी टेक्निशियन. तीन महिने ट्रायल. त्यात पास झालो तर दोन वर्षं, नाही तर परतीचं विमान. मागे बायको, दोन मुली आणि 'आमचा जावई दुबईला असतो' असं गावभर सांगून बसलेले सासरे. शारजा म्हणजे दुबई नव्हे, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिथून तीन महिन्यांत परत गेलो असतो तर काय तोंड दाखवलं असतं, हा विचार मला जेवतानाही सुटायचा नाही.

चाचा दाभोळच्या खाडीकडचे. नेमकं गाव कुठलं? मला एकदा एक नाव सांगितलं, दुसऱ्यांदा दुसरं. हाडकुळे, दाढी मेंदी लावलेली, वय पंचावन्नच्या पुढे. जवानीतली वीस-बावीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत गेलेली. कंपनीने दिलेले सेफ्टी बूट त्यांनी कधी घातले नाहीत. ते बूट पिकअपच्या काचेपाशी जोडीने ठेवलेले असायचे, जणू तेच रस्ता बघतायत, आणि चाचा जाड रबरी चपलेने गाडी हाणायचे. सुपरवायझर ओरडला की म्हणायचे, "बूट ड्यूटी पे है, साब. देखो, सामने बैठा है."

आणि लाटणं. पाने, पक्कड, मीटर सगळ्यांच्याच पिशवीत असतं. चाचांच्या पिशवीत पोळ्यांचं लाटणं असायचं, एक टोक तेलकट काळं आणि दुसऱ्या टोकावर दातांच्या खुणा. गिऱ्हाइकाच्या घरात शिरले की काळं टोक एसीच्या अंगावर टेकवायचे, दुसरं टोक दातात घट्ट धरायचे आणि डोळे मिटायचे. मिनिट, दोन मिनिटं. कधी कधी पाच. घरातली बाई आमच्या तोंडाकडे बघायची. मी भिंतीकडे बघायचो. काय सांगणार? मलाच कळत नव्हतं. एकदा एका बाईने स्वयंपाकघरात जाऊन आपलं लाटणं जागेवर आहे ना, ते बघून घेतलं होतं.

त्याआधी ते घरातल्या प्रत्येकाला एकच सांगायचे, "आवाज कसा येतो, तोंडाने करून दाखवा." मोठमोठी माणसं, टाय लावलेली, लाजत लाजत "घुर्रर्र" करायची, "टक टक टक" करायची. चाचा त्यांच्या ओठांकडे इतकं टक लावून बघायचे की बिचारी निम्म्यातच थांबायची. मग चाचा निकाल द्यायचे, "ही पेज शिजतेय." किंवा, "म्हाताऱ्याची ढेकर हाय." किंवा, "मोहरी तडतडतेय, पंख्याला काही तरी शिवतंय." यातलं ढेकर म्हणजे नक्की काय बिघाड, हे मी दोन महिने वहीत लिहून घेत होतो. वही भरली, डोक्यात काही आलं नाही.

हाक मारली तर ते कधी ओ द्यायचे, कधी नाही. सगळे म्हणायचे, चाचांचा मूड आहे.

माझं मात्र त्यांच्यावाचून अडायचं. प्रत्येक कामाचं एक जॉब कार्ड भरावं लागे, इंग्रजीत. मला सहीपुरतं माझं नाव यायचं, बाकी चौकोन बघितले की घाम फुटायचा. पहिल्याच आठवड्यात चाचांनी माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं, काही न बोलता भरलं आणि खाली स्वतःची सही ठोकली. त्यानंतर माझी सगळी कार्डं तेच भरायचे. बदल्यात काय पाहिजे, तर म्हणाले, "गाडीत माझ्या उजव्या बाजूला बसत जा, इंजिनेर." मला ते इंजिनेर म्हणायचे, चिडवायला. ड्रायव्हरची सीट तिथे डावीकडे, म्हणजे बाजूला बसणारा उजवीकडेच येणार. दुसरी जागा होती कुठे? पण त्यांनी ते अटीसारखं सांगितलं आणि मी मान डोलावली.

गाडीत ते एकच गोष्ट सांगायचे. बाहेर ऑगस्ट पेटलेला, पिकअपला एसी नाही, आणि चाचा बर्फाची गोष्ट सांगतायत. बोट दुरुस्तीला लागली म्हणून ते कुठल्या तरी थंड बंदरात महिनाभर एका बाईच्या घरात राहिले होते. "तिकडे भिंतीला लोखंडाच्या फासळ्या लावलेल्या असतात रे. त्यात वाफ सोडतात. खोली तापते."

"घरात वाफ सोडतात?" मला वाटलं, चाचांना ऊन लागलं.

"सोडतात तर! माझ्या खोलीतली फासळी दणके द्यायची. धाड, धाड. बाई बोलली, भूत हाय. मी बोललो, भूत नाय, पाणी हाय. वाफ गार पडली की तिचं पाणी होतं. ते आलं त्या वाटेने परत जायला पाहिजे. फासळीचं ढुंगण खाली बसलेलं, पाणी आत अडकलेलं, मागून वाफ आली की मारते धडक. मी मागच्या दोन पायांखाली चकती सारली. गप! बाईने मला अंडी खायला घातली."

ही गोष्ट मी पंधरा-वीस वेळा ऐकली असेल. ती बाई कधी विधवा असायची, कधी तीन पोरींची आई, कधी पार म्हातारी. पायांखाली सारलेली चकती कधी लाकडाची, कधी चपलेची, आणि एकदा तर बिस्किटाची होती. शेवट मात्र ठरलेला. "पाण्याला घरी जायची वाट दे. मग ते कुणाला तरास देत नाय." एवढं बोलून ते माझ्याकडे असे बघायचे की जणू आता मी काही तरी बोलायला हवं. मी म्हणायचो, "हो चाचा."

तिसऱ्या महिन्यात ती तक्रार आली.

एक मराठी कुटुंब होतं, आमच्या कंपनीकडे ज्यांच्या फ्लॅटची देखभाल होती त्यातलं. साहेब हमरिया फ्री झोनमध्ये एका कारखान्यात रात्रपाळीला. दिवसा झोपायचे. आणि दिवसाच बेडरूमचा एसी आवाज करायचा, कुणी पाण्यात थापा मारतंय असा. साहेबांना मशीनवर डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला. हे त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. कारण तो एसी मीच बसवला होता. माझ्या हाताने, एकट्याने, पहिला. गवंडीकामाची लेव्हल मी गावाहून आणली होती. ती वर ठेवून बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मधोमध आणला, चौकट सिमेंटने पक्की केली. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगदी सरळ बसवलात हो." त्या रात्री मी पत्रात घरी तेच कळवलं होतं.

मी गेलो तेव्हा एसी गप. मी स्क्रू आवळले. चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गेलो, एसी गप. मी कडेने स्पंज भरला. तिसऱ्यांदा गेलो, पंखा काढून साफ केला, तेल दिलं. आठवड्याने पुन्हा फोन. मी पोचलो की तो गप बसायचा. मी त्याला मनातल्या मनात हात जोडायचो, की एकदा माझ्यासमोर बोल रे.

सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही वर कुणी तरी होतं. तो म्हणाला, "देखो, अगला बार उधर से फोन आया ना, तो खलास. तुम्हारा ट्रायल खलास. मैं क्या करेगा?"

मी चाचांकडे गेलो. ते आम्ही राहायचो त्या कँपच्या कट्ट्यावर बसून पेरू खात होते. मी सगळं सांगितलं, अगदी बुडबुड्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "आवाज येतो त्या दिवशी मीठ ओलं असतं काय?"

"काय?"

"मीठ रे, मीठ. त्यांच्या घरातलं."

मला रडू यायच्या बेतात होतं. माझी नोकरी चाललीय आणि हे मीठ विचारतायत. पण दुसरं कोण होतं? त्यांनी मला सकाळी गाडीत घातलं आणि वहिनींच्या दारात उभं केलं. आत न शिरताच विचारलं, "बाई, पापड मऊ पडतात का?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. "अहो, हे नक्की एसीवालेच ना?"

"हो वहिनी. सगळ्यात सीनियर आहेत."

"पडतात कधी कधी. समुद्राकडून ती दमट हवा आली की. मीठसुद्धा ढेकळं धरतं. का?"

"मीठ ढेकळं धरेल त्या दिवशी फोन करा. आधी नको." एवढं बोलून चाचा जिना उतरायलाही लागले.

पाच दिवस फोन आला नाही. त्या पाच दिवसांत मी कँपच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत किती वेळा बोट घातलं असेल, त्याची गणती नाही. का घालतोय ते माहीत नव्हतं. सहाव्या दिवशी दुपारी बोट ओलं झालं, आणि फोन आला. सुपरवायझर म्हणाला, "चलो, मैं भी आता है." म्हणजे माझा निकाल तिथेच लागणार होता.

बेडरूमच्या दारातच ऐकू आला तो आवाज. फट फट फट फट. साहेब डोळे चोळत खुर्चीत बसलेले. चाचांनी त्यांच्या मुलीला पुढे बोलावलं, असेल दहा वर्षांची. "कैसा आवाज है, करके दिखाओ."

ती म्हणाली, "इट्स लाइक समवन स्लॅपिंग अ वेट टॉवेल."

"ओला टॉवेल आपटल्यासारखा, म्हणतेय," वहिनी म्हणाल्या. "अगं, मराठीत सांग ना काकांना."

चाचांनी लाटणं काढलं. साहेबांचे डोळे तिथे पूर्ण उघडले. चाचांनी काळं टोक एसीच्या पत्र्यावर टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटले. मग लाटणं काढून मला म्हणाले, "तुझी लेव्हल आणलीस? ठेव वर."

मी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. माझा जीव जरा भांड्यात पडला.

सुपरवायझर वाकून बघत म्हणाला, "लेवल तो एकदम परफेक्ट है."

"परफेक्ट है," चाचा म्हणाले. "यही तो बीमारी है."

नुसतं फट फट चालू.

"हवा ओली असली की एसी पाणी लय काढतो," चाचांनी वहिनींना मराठीत सांगितलं. "ते पाणी मागे, बाहेर जायला पाहिजे. म्हणून एसी बोटभर मागे कलता बसवायचा. हा बसलाय मशिदीतल्या माणसासारखा सरळ. पाणी आत साठतं, पंखा त्याच्यावर थापा मारतो. सुक्या दिवशी पाणीच नाय, मग आवाज पण नाय."

मला सगळं दिसायला लागलं, आणि काहीच दिसेनासं झालं. तो दणके देणारा लोखंडी फासळ्यांचा संच. ती बाई. पाण्याला घरी जायची वाट. म्हणजे चाचा मला ते पंधरा-वीस वेळा सांगत होते? का ते आपले नुसती आठवण काढत होते?

सुपरवायझर सरळ झाला. "किसने लगाया ये?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"मैंने," चाचा म्हणाले.

"तुम? इतना साल का मिस्त्री? ये तो नया आदमी भी नहीं करेगा."

"उमर हो गई, साब. भूल गया."

सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं. साहेब, वहिनी, ती मुलगी. वहिनींना तर माहीत होतं ना कुणी बसवला! त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. मी पण उघडलेलं तोंड मिटलं.

चाचा खाली बसले. पायातली एक चप्पल काढली, कटरने टाचेचा एक तुकडा कापला, एसीच्या खोलीकडच्या बाजूला पहार लावून मला "उचल" म्हणाले, आणि तो तुकडा खाली सारला. बाहेरून खाली रस्त्यावर पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. फट फट दोन-चारदा झालं. मग थांबलं.

आणि तेव्हा चाचांनी एसीकडे बघितलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बघत राहिलो. आवाज बंद झालेला सगळ्यांना ऐकू आला होता. साहेबांनी तर सुस्काराच सोडला होता.

"गेला का रे?"

मी मान हलवली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आणि मला एकदम ते ओठांकडे बघणं, ते तोंडाने करून दाखवा, ते दातातलं लाटणं, न दिलेली ओ, सगळं एका ओळीत उभं राहिलेलं दिसलं. इंजिनखोलीतल्या बावीस वर्षांच्या धडधडीने कान खाल्ले होते. हाडातून जेवढं ऐकू येईल तेवढंच चाचांना ऐकू येत होतं. बाकीचं ते आमच्या चेहऱ्यांवर बघत होते. आवाजांचा हा सगळ्यात मोठा मिस्त्री.

परत येताना गाडीत मी विचारलं, "चाचा, खोटं का बोललात?" उत्तर नाही. ते समोर बघून गाडी चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर मी पुढे वाकून त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि तेच विचारलं.

ते म्हणाले, "गवंडी हायस ना तू? मोरीला उतार देतंस का नाय?"

"देतो."

"मग ह्याला का नाय दिलास?"

"मला वाटलं... विलायती वस्तू आहे. सरळच पाहिजे."

"सरळ फक्त भिंत, इंजिनेर." सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला. तो त्यांना ऐकू आला नाही, मी हाताने खूण केली तेव्हा गाडी निघाली.

ऑफिसात सुपरवायझरने जुनं कार्ड काढून बघितलं. त्यावर चाचांचीच सही. म्हणजे कागदावर तो एसी खरोखरच त्यांनी बसवला होता. मग ते खोटं बोलले, की कागदावर होतं तेच बोलले? मला आजही सांगता येत नाही. माझी ट्रायल पास झाली. आणि थंडीत चाचांचा व्हिसा पुढे वाढला नाही. कुणी म्हणालं, मेडिकलमध्ये कानांवरून अडले. कुणी म्हणालं, त्या तक्रारीमुळे. चाचा म्हणाले, "मीच बोललो, बस झालं, घरी जातो." तीन कारणं, त्यातलं खरं कुठलं? पहिलं असेल तर माझा दोष नाही. दुसरं असेल तर सगळा माझाच. तिसरं असावं असं मी रोज म्हणतो, आणि रोज मला ते पटत नाही.

आणखी एक. मला त्यांनी सांभाळलं ते मायेने, की उजव्या बाजूला बसणारे दोन कान हवे होते म्हणून? वाईट विचार आहे, पण आला तो आला. कानांसाठी म्हणावं तर माझ्याशिवायही ते वर्षानुवर्षं काम करत होतेच की. मग?

जायच्या दिवशी ते तशीच चप्पल घालून निघाले, एक टाच अर्धी, चालताना जरा मागे कलत. सेफ्टी बूट काचेपाशी ठेवून गेले. लाटणं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ह्याने भाकरी होत नाय, ध्यानात ठेव." मी आभार मानायला गेलो तर ते दुसरीकडे बघत होते, आणि मी बोललेलं त्यांना कळलंच नाही.

मग मी कार्डं भरायला शिकलो. मोठ्या अक्षरांत, चुकत चुकत, पण माझा मी. खिडकीतले एसी गेले, नव्या बिल्डिंगांत सेंट्रल आले, त्यांचेही पाइप कण्हतात. मी लाटणं दातात धरतो. नवी पोरं भिंतीकडे बघतात. मला तसं कानाने चांगलं ऐकू येतं, तरी धरतो. घरांतल्या बायकांना मीठ विचारतो.

सुपरवायझरला खरं सांगायला मी तीन वर्षांनी धीर केला, तर तो महिनाभर आधीच कायमचा त्याच्या गावी गेलेला. दोन पत्रं टाकली चाचांना, त्यांनी सांगितलेल्या दोन गावांना. एक परत आलं. एक आलं नाही, म्हणजे ते पोचलं, की कुठे हरवलं, तेही माहीत नाही.

या खेपेला सुट्टीत मी मुंबईहून आधी घरी जाणार नाही. खाडीच्या काठाकाठाने जाणार आहे, लागेल त्या गावात उतरून मेंदीच्या दाढीचा आगबोटवाला विचारत. सापडले की लाटण्याचं खुणांचं टोक त्यांच्या दातात देईन, काळं टोक माझ्या स्वतःच्या गळ्यावर टेकवीन, म्हणजे त्यांना ऐकू येणारच. आणि सांगेन, "चाचा, तो एसी मी लावला होता."